ओलं फडकं

“त्या पंपाला हात लावलास तर हात मोडून गळ्यात बांधीन, इंद्र्या!”

“मोडा की! हात मोडल्यावर घाटात गाडी बंद पडायची थांबत असंल तर दोन्ही मोडा!”

फियाटच्या एका अंगाला आण्णा, दुसऱ्या अंगाला मी, मधी उघडं बॉनेट. माझ्या हातात पाना आणि त्यांच्या हातात अंड्यांचा ट्रे. ट्रे होता म्हणून वाचलो. आण्णांचा हात मोकळा असला की आमच्यातलं बोलणं लवकर संपायचं.

तीन वर्षं झाली ह्याला. तेव्हा मी सोळाचा होतो. दहावीच्या सहामाहीनंतर शाळा सोडलेली. सोडली म्हणजे काय, गणिताच्या सरांनी वर्गाबाहेर काढलं आणि मी परत आत गेलोच नाही. त्यांनी बोलवलं नाही, मी विचारलं नाही. विषय संपला.

आण्णा कोल्हापुरातनं पन्हाळ्यावरच्या हॉटेलांना अंडी पुरवायचे. अजून पुरवतात. गाडी आजोबांच्या वेळची फियाट, दुधाच्या सायीच्या रंगाची. सपाटीला पळायची झकास. पण पन्हाळ्याच्या घाटात एक वळण आहे, तानूबाईची टपरी असलेलं. तिथं आली की हिला धाप लागायची, आणि अर्धा तास गाडी ठप्प.

कारण आण्णा घरी येऊन पाठ केल्यासारखं सांगायचे. “पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटून बसलाय. चढाला इंजिन तापतं, पंप तापतो, पेट्रोलची वाफ होती. पंप पेट्रोल ओढायच्या ऐवजी वाफच ओढत बसतो. मग काय? ओलं फडकं घालायचं त्याच्यावर आणि गार व्हायची वाट बघायची.”

जुन्या फियाटवाल्यांचा हा ठरलेला इलाज. गाडीत पाण्याचा कॅन आणि फडकं असायचंच. एक वेळ आमच्या घरात देवाचं वस्त्र धुवायचं राहील, पण आण्णांचं फडकं कधी राहिलं नाही.

मला मात्र एक कळत नव्हतं. वैशाखात पंप तापतो, बरोबर. पण माघात, कानाला मफलर बांधून जायचे तेव्हासुद्धा तिथंच बंद? त्याच वळणावर? आणि मी येतो म्हणलं की, “नको, ट्रेला जागा लागती.”

तर त्या दिवशी मी म्हणलं, “इलेक्ट्रिक पंप बसवतो. मागं टाकीजवळ, इंजिनापासनं लांब. तापायचा प्रश्नच नाही.”

“आलास मोठा! दहावी धड होईना आणि म्हणे पंप बसवतो.”

“दहावीचा आणि पंपाचा काय संबंध?”

“काय संबंध? बघूया मग.” आण्णांनी ट्रे टपावर ठेवला, तसा मी दोन पावलं मागं सरलो. “लाव पैज. तुझा पंप घालून पन्हाळ्याला जायचं. वाटेत गाडी एकदा जरी थांबली, तर सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आणि बाहेरनं दहावी द्यायची. तोंड वर करून बोलायचं नाही.”

“आणि नाही थांबली तर?”

“तर शाळेचं नाव काढणार नाही. कधीच.”

“ठरलं!”

एवढ्यात आई कारल्याच्या रसाचा पेला घेऊन बाहेर आली. आण्णांना साखरेचा आजार. आई घरात गुळाचा खडासुद्धा कडीकुलपात ठेवायची. तरी दर तपासणीला साखर वरच. डॉक्टर गोळी वाढवायचे, आई कारली वाढवायची.

“मी पण येणार,” आई म्हणाली.

आण्णांचा पेला ओठापाशीच थांबला. “तू कशाला? ऊन लागंल तुला.”

“पैज लावलीय न्हवं? मग पंच नको का? तुम्ही दोघं एकाहून एक. खोटं बोलायला लागलासा तर मी कुणाचं खरं धरू?”

कारल्याचा रस पिताना आण्णांचं तोंड नेहमीच वाकडं व्हायचं. त्या दिवशी पिण्याच्या आधीच झालं.

दुसऱ्या दिवशी मी इलाहीभाईंच्या भंगारात गेलो. जुन्या गाड्यांचं सगळं तिथं मिळतं, फक्त शोधायला डोळे पाहिजेत. ठोकर लागलेली एक नवी गाडी तिथं पडली होती, इंजेक्शनची, म्हणजे पेट्रोल जोरात फवारणारी, कार्बोरेटर नसलेली. तिच्या टाकीतला पंप काढून बॅटरीला लावून बघितला. पेट्रोलची धार अशी उडाली की पलीकडं झोपलेलं कुत्रं उठून पळालं. हाच! म्हणलं, जोर असावा तर असा.

“कशाला लावणार?” इलाहीभाईंनी विचारलं.

“फियाटला.”

ते हसायलाच लागले. “अरे, तान्ह्या पोराला वाटी-चमच्यानं दूध पाजायचं असतं. तू अग्निशामकचा पाइप घेऊन चाललायस.”

मला कुणी हसलं की पुढचं ऐकायला येत नाही. पंप उचलला आणि आलो.

संध्याकाळपर्यंत बसवला आणि बटण दाबलं. आता कार्बोरेटरच्या पोटात काय असतं, तर पेट्रोलची एक वाटी. वाटी भरली की तरंगणारा फ्लोट वर येतो आणि एक बारीक सुई पेट्रोलचं दार लावते. दार एवढंसं. माझ्या पंपानं ते दार लाथ घालून उघडलं. वाटी भरली, सांडली, कार्बोरेटरच्या नाकातोंडातनं पेट्रोल आलं आणि सगळं इंजिन न्हाऊन निघालं. खाली फरशीवर ओघळ लागला, थेट तुळशीपर्यंत.

आणि तुळशीपाशी आई. एका हातात निरांजन, दुसऱ्या हातात काडी.

“आईऽऽ! काडी नको!”

असा ओरडलो की शेजारच्यांनी टीव्ही बंद केला. आई तशीच थांबली. काडी हळूच पेटीत सरकवली, ओघळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. आण्णा ओसरीवरनं म्हणाले, “फॉर्म आणून ठेवू काय रं?”

मी पाना आपटला. तो उसळून माझ्याच नडगीवर बसला. पाण्याच्या दोन बादल्या ओतून झाल्यावर आई म्हणाली, “उद्यापासनं पेट्रोलचं जे काय करशील ते माझ्यासमोर. आणि दिवसाउजेडी.”

सकाळी तणतणत इलाहीभाईंकडं गेलो. “काल सांगायचं नाही का?”

“सांगितलं की. तू कुठं ऐकलंस?”

ह्या वेळी ऐकलं. कार्बोरेटरच्याच जमान्यातला, टकटक करत चालणारा चौकोनी पंप घेतला. हाताच्या मुठीएवढा, जोर बेताचा. तरी तो फियाटच्या सुईपेक्षा थोडा जास्तच, म्हणून मधी बसवायला एक रेग्युलेटर. त्याच्या डोक्यावरचा स्क्रू फिरवला की पेट्रोलचा जोर कमी-जास्त होतो. पण त्यावरचे आकडे झिजून गेलेले.

“कितीवर ठेवू?”

“लाव की अंदाजानं.”

“अंदाजानं लावल्यावर काल आमची तुळस पेटत होती!”

डोकं खाजवत घरी आलो. बसलो पायरीवर. वर गॅलरीतनं आई दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडत होती, भाजीवाल्यासाठी. पिशवी खाली आली, भेंडी घेऊन वर गेली. मी दोरीकडं बघत राहिलो. टेम्पोचा पंप गेला की ड्रायव्हर काय करतात? पेट्रोलचा कॅन टपावर ठेवतात आणि नळी खाली सोडतात. पंप नाही, काही नाही. नुसत्या उंचीचा जोर. कॅन जेवढा वर, तेवढा जोर जास्त.

“आई, ती दोरी दे!”

“आणि भाजी?”

“भाजी घे काढून. तुला आता पेट्रोल वर ओढायचंय.”

कॅनला लांबलचक पारदर्शक नळी लावली, नळीचं दुसरं टोक कार्बोरेटरला. गाडी बंद, बॅटरी काढलेली. शेजारच्या काकांना विडी विझवून घरात बसवलं. आई गॅलरीतनं कॅन वर ओढायला लागली.

“हळू! अजून. अजून. थांब!”

कॅन कपडे वाळत घालायच्या तारेपाशी पोचला आणि कार्बोरेटर पाझरायला लागला. थोडा खाली घेतला, पाझर थांबला. परत वर, परत पाझर. म्हणजे फियाटच्या सुईची ताकद तारेपर्यंत. तिच्यावर गेलं की दार उघडणार.

मग कॅन काढून तीच नळी रेग्युलेटरच्या पुढं जोडली आणि उघडं टोक आईच्या हातात दिलं, वर गॅलरीत. पंपाचं तोंड कॅनमध्ये सोडलं, स्क्रू पूर्ण सैल केला आणि काढलेली बॅटरी लांब ठेवून पंपाला जोडली. टक, टक, टक. एकेक आटा आवळत गेलो तसं नळीतलं पेट्रोल भिंतीवरनं चढायला लागलं.

“कुठं आलं?”

“खिडकीच्या वर.”

“आता?”

“कठड्याला लागलं. थांब थांब, हितं तुझ्या आण्णांची बनियन वाळालीय. तिच्या टोकाशी आलं बघ.”

बनियन तारेवरनं लोंबत होती. तिचं टोक तारेच्या बऱ्यापैकी खाली.

“बास! बनियनच्या टोकावर ठेवू!”

स्क्रूचा नट घट्ट केला. एवढ्या जोरानं चढाला पुरेल इतकं पेट्रोल येतंय का, तेही बघितलं. खाली बाटली धरली, आईनं पदर खोचेपर्यंत बाटली भरली. पुरे झालं.

“माझी बनियन का बघालाय सगळे?” आण्णा दारातनं म्हणाले.

“माप घेतोय,” आई वरनं म्हणाली.

मग पंप बसवला टाकीच्या शेजारी, खालच्या अंगाला. हा पंप पेट्रोल ढकलतो चांगलं, ओढायला मात्र त्याच्या जिवावर येतं, म्हणून टाकीजवळच पाहिजे. पुढचा जुना पाइप काढायला ड्रायव्हरची सीट उचलली, तर खाली एक पितळी कॉक. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून पूर्वी लोक पेट्रोलच्या पाइपात असा कॉक लपवून बसवायचे. तो बंद केला की वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी जरा अंतर जाते आणि गप होते. आजोबांनी बसवला असणार. सीटखाली सगळीकडं बोटभर धूळ. कॉकची मूठ मात्र देवळातल्या घंटेसारखी लखलखीत.

आणि मुठीवर मुंग्या. रांगच लागलेली.

मी बराच वेळ त्या मुंग्यांकडं बघत बसलो. मग नवीन पाइप गाडीच्या खालनं सरळ इंजिनापर्यंत नेला. कॉक होता तिथंच ठेवला, मुंग्यांसकट. सीट परत बसवली. कुणाला काही बोललो नाही.

मंगळवारी सकाळी निघालो. आण्णा स्टिअरिंगवर, शेजारी मी, डिकीत अंडी. मागं आई, मांडीवर एक ट्रे आणि पायाशी पाण्याचा कॅन.

“फडकं माझ्याकडं राहील,” ती म्हणाली. “कुणीही हात लावायचा नाही.”

शहर सुटेपर्यंत आण्णा शीळ घालत होते. वाघबीळ आलं, चढ लागला आणि शीळ बंद झाली. गाडी मस्त चढत होती. मागनं पंपाची टकटक ऐकू येत होती, मला ती माझ्याच छातीतली वाटत होती. डोळ्यांपुढं बीजगणिताचं पुस्तक. बंद पडली तर गेलो.

एका आंब्यापाशी आण्णांचा डावा हात गिअरवरनं खाली गेला. सीटखाली. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

गाडी चढत राहिली. एक वळण गेलं. आण्णांनी माझ्याकडं बघितलं, मी करवंदाच्या जाळ्या बघत होतो. हात परत सीटखाली. अजून एक वळण. हात परत खाली. आता तर कपाळाला घाम.

“काय शोधताय, आण्णा?”

“काय न्हाई. पाय खाजालाय.”

“मग पाय खाजवा की,” मागनं आई म्हणाली. “सीट का खाजवालाय?”

वळण जवळ यायला लागलं तसे आण्णा सीटमध्ये खाली खाली जायला लागले. टपरी दिसली. बाहेर कढई, कढईतनं वाफ. पदर खोचलेली एक बाई हातात ताट घेऊन रस्त्याकडं बघत होती. आण्णांनी मान ताठ केली, नजर समोर, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर दाबला. जणू ह्या रस्त्यानं जन्मात आलेच नव्हते.

तानूबाई तोंड उघडं टाकून बघत राहिली. जी गाडी कधीच थांबल्याशिवाय गेली नव्हती, ती पळत निघालेली. तिनं ताट बाकड्यावर टाकलं आणि दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध आली.

“आवो, बिरेक गेलं! आण्णाचं बिरेक गेलं! धोंडा लावा कुणीतरी चाकाला!”

आण्णांनी कचकन ब्रेक मारला. डिकीतली अंडी एकमेकांवर आपटली. आईनं मांडीवरचा ट्रे दोन्ही हातांनी धरला, एकही फुटू दिलं नाही. गाडी तानूबाईच्या पदराला टेकून उभी राहिली. इंजिन चालूच. टकटक चालूच.

“घाबरवलंसा की मला!” तानूबाई खिडकीपाशी आली. “बंद न पडता कसं काय निघालासा? जिलबी गार व्हायलीया तिकडं. पाक जादा घातलाय, तुमास्नी आवडतोय तसा...” मग तिला मागची बाई दिसली. “ह्या कोण?”

“मी?” आई ट्रे बाजूला ठेवत म्हणाली. “मी पंच.”



आई खाली उतरली. पुढचं दार उघडलं, आण्णांना उतरवलं, सीटखाली हात घातला. कॉक उघडला, बंद केला, परत उघडला. इंजिन आपलं चालूच. तिनं बोटांचा वास घेऊन बघितला.

“चिकट हाय,” ती म्हणाली. “पेट्रोल कवापासनं चिकट झालं?”

“पेट्रोलला मुंग्या पण लागत नाहीत, आई,” मी म्हणलं.

आण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की ट्रे हातात नव्हता ह्याची आठवण झाली. “तुला म्हाईत होतं?”

“पाइप बदलताना कळलं.”

“आणि बोलला न्हाईस?”

“तुम्ही तरी कुठं बोललासा?”

“अगं, पयल्यांदा खरंच बंद पडली होती,” आण्णा आईला सांगायला लागले. “खरंच! पंप तापला, फडकं घातलं, बसलो हितं. समोर कढई. अर्धा तास माणसानं काय करायचं?”

“आणि नंतर?”

“नंतर... सवय लागली गाडीला.”

“गाडीला!” आई बाकड्यावर बसली. “दर तपासणीला मी डॉक्टरशी भांडती, गोळ्या बोगस हायत म्हणून. आण गं बाई ते ताट.”

तानूबाईनं ताट आणलं. आईनं जिलबी उचलली, आण्णांच्या डोळ्यांसमोर धरली आणि सावकाश खाल्ली. मग दुसरी. आण्णा बघत होते. मधीच म्हणाले, “ऊन लई हाय.” तेव्हा आईनं गाडीतलं फडकं काढलं, कॅनमधल्या पाण्यात बुडवलं, पिळलं आणि त्यांच्या डोक्यावर ठेवलं.

“बसा गार होत.”

“आणि पैज?” मला राहवेना. “गाडी तर थांबली.”

“बघ! पोरगं स्वतःच म्हणालंय, थांबली!” फडक्याखालनं आण्णा.

“गप बसा. गाडी थांबली न्हाई, थांबवली. इंद्र्या जिंकला.” मी उडी मारणार एवढ्यात तिनं पाकानं भरलेलं बोट माझ्याकडं केलं. “तू बी खाली बस. पैज तुमच्या दोघांची. मी कुठं शब्द दिलाय? मी शाळेचं नाव काढणार न्हाई, पण एका अटीवर. आजपासनं ह्यांच्यासंगं तू जायचं. ह्यांची साखर वाढली, की त्याच दिवशी सतरा नंबरचा फॉर्म.”

“साखर ह्यांची आणि शाळा माझी? हा कुठला न्याय?”

“पंचाचा.”

फडक्याखाली आण्णा हसले. का, ते मला वर पन्हाळ्यावर पोचल्यावर कळलं. आई हॉटेलवाल्याला फुटक्या अंड्यांचं समजावत होती, तेव्हा आण्णा कानाशी येऊन म्हणाले, “इंद्र्या, महिन्यातनं एकदा, एकच जिलबी. न्हाईतर मी रोज खातो. आणि तू बस बीजगणित करत.”

तीन वर्षं हे असं चाललंय. मी गाडी चालवायला शिकलो. जुन्या गाड्यांना पंप बसवायला आता लोक मला बोलवतात, आणि जोर मी अजून नळीनंच मापतो, बनियनच्या टोकावर. आण्णांना महिन्यातनं एक जिलबी, मी स्वतः मोजून देतो. साखर ताळ्यावर आहे. उद्या परत तपासणी.

आज मात्र उठलो तर दारात फियाट नाही. खुंटीला किल्ली नाही. आई बाजारात गेलीय, तिला अजून काही माहीत नाही. एवढ्यात तानूबाईचा फोन.

“इंद्रा, तुझ्या गाडीला धाप लागलीया बघ. वळणावर हुबी हाय.”

“तिला धाप लागूच शकत नाही, मावशी! बॉनेट उघडलंय का?”

“उघडलंय की. ओलं फडकं बी घातलंय.”

“कशावर? पंप तर मागं आहे!”

“डोस्क्यावर,” ती म्हणाली. “आणि तिसरं ताट मागालाय.”

फाटकाची कडी वाजली. आईची पिशवी दिसालीय. मला आता निघायला पाहिजे.